मॉरिशसला पहिल्यांदा जाताना

मॉरिशसला निघालेल्या आपल्याकडच्या बहुतेक माणसांच्या हाती आधी पॅकेज येतं. एका किनाऱ्यावरचं हॉटेल, एक दिवस बोटीतून छोट्या बेटावर, एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, आणि परत. एवढ्यात समुद्र दिसतो, आणि तो सुंदर आहेच. पण तिथली माणसं दिसत नाहीत, त्यांचं जेवण चाखायला मिळत नाही, आणि आपल्याच कोकणातून गेलेल्या लोकांची वस्ती हॉटेलपासून वीस मिनिटांवर असूनही कळत नाही. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. क्रमानं वाचलात तर तिकीट काढण्यापासून परतीच्या विमानापर्यंतची तयारी होईल. माझा आग्रह एकच, की हॉटेलचं फाटक रोज एकदा तरी ओलांडा.

आधी देशाचा आवाका लक्षात घ्या. मुंबईहून थेट विमानानं साधारण सहा तासांवर, मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हे ज्वालामुखीतून घडलेलं बेट आहे. मुख्य बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. रॉड्रिग्ज आणि इतर छोटी बेटं धरून सारा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे क्रेओल, फ्रेंच वंशाचे गोरे असे सगळे तिथे शेजारी राहतात. मूळनिवासी मात्र कुणीच नाही. प्रत्येकाचे पूर्वज कधी ना कधी जहाजातून उतरलेले आहेत.

महिना ठरवताना वारा पाहा

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, गरम आणि दमट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, कोरडा आणि सुखद. किनाऱ्यावर हिवाळ्यातही दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असतं, पण मधल्या पठारावर संध्याकाळी स्वेटर लागतो. क्युरपीप हे पठारावरचं शहर पावसासाठी आणि धुक्यासाठी ओळखलं जातं. किनाऱ्यावर ऊन असताना तिथे सर कोसळत असते.

वाऱ्याबद्दल मात्र पॅकेजवाले फारसं बोलत नाहीत. या बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर त्यांचा जोर असतो. त्या काळात पूर्वेचा आणि दक्षिणेचा किनारा वाऱ्याच्या तोंडावर येतो. पाण्यात उतरलं की थंडी वाजते, वाळू अंगावर उडते. पश्चिम आणि वायव्य किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे शांत राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर फ्लिक-आं-फ्लाक, तामारँ किंवा त्रू-ओ-बिश घ्या. पूर्वेचा बेल मार कितीही सुंदर दिसला तरी तो ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ठेवा. भर उन्हाळ्यात हेच गणित उलटतं, पश्चिमेला उकडतं आणि पूर्वेला वारा हवाहवासा वाटतो.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबानं बोलायचं तर दिवाळीचे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. पाऊस कमी, समुद्र कोमट, आणि दिवाळीला तिथेही सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे गावोगावी पणत्या दिसतात. आपली मे महिन्याची सुट्टीही चांगली. पावसाळी हंगाम नुकताच सरलेला असतो आणि समुद्राची ऊब अजून गेलेली नसते. डिसेंबरमध्ये गुलमोहर लाल होतो, लिची बाजारात येते, पण युरोपातले पर्यटकही येतात आणि हॉटेलांचे दर चढतात.

जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य काळ. दरवर्षी वादळ बेटावर आदळतंच असं नाही, पण जवळून गेलं तरी दोन-तीन दिवस पावसात जातात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. वादळाचे इशारे १ ते ४ अशा पायऱ्यांनी दिले जातात. तिसरा इशारा लागला की बस बंद होते, दुकानं मिटतात आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. तुम्हीही पडू नका. या तीन महिन्यांत जायचंच असेल तर विमान रद्द झाल्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा घ्या.

कागदपत्रं, पैसे आणि बॅगेत काय नको

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावर उतरल्यावर प्रवेश मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. तिन्ही कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा. ओळखीच्यांच्या घरी राहणार असाल तर त्यांचा पत्ता आणि निमंत्रणाचं पत्र जवळ असू द्या. निघण्याआधी भरायचा एक सरकारी ऑनलाइन फॉर्म असतो. नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

बॅगेत काय नको, ते नीट वाचा. फळं, बियाणं, रोपं, कंद यांतलं काहीही परवान्याशिवाय नेता येत नाही. छोट्या बेटावर बाहेरची कीड शिरली तर ऊस आणि भाजीपाला दोन्ही धोक्यात येतात, म्हणून हा नियम कडक आहे. हापूसची पेटी भेट म्हणून न्यायचा मोह आवरा. ई-सिगारेट आणि सिगारेट वळायचे कागदही चालत नाहीत. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशव्या घ्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत हवंच. अमली पदार्थांबाबत तिथला कायदा अतिशय कठोर आहे. अनोळखी माणसानं दिलेलं पार्सल कधीही स्वीकारू नका.

चलन मॉरिशियन रुपया. आपल्या रुपयात त्याची किंमत दोनाच्या जरा खाली असते. नोट हातात आली की जरा निरखून पाहा. तिच्यावर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्या आहेत. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ आणि हिंदी मजकुराचा क्रम बदलला गेला, तेव्हा तमिळ समाजानं एवढा विरोध केला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. या देशात प्रत्येक समाज आपली जागा किती जपतो, ते एका नोटेवरून समजतं.

फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं आहे. तरीही सगळीकडे चालेल असं धरून जाऊ नका. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, पण बस, बाजार आणि डाळपुरीच्या गाडीवर रोख लागते. विमानतळावर थोडे पैसे बदलून घ्या आणि तिथेच सिम कार्ड घ्या. घड्याळ दीड तास मागे करा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण भिंतीतले सॉकेट कुठे ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचे तर कुठे युरोपी दोन गोल पिनांचे असतात. दोन्ही चालतील असा अडॅप्टर न्या.

कुठे उतरायचं

बेट छोटं आहे म्हणून कुठेही राहिलं तरी चालेल, असं नकाशा पाहून वाटतं. पण विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि ग्रँड बे अगदी उत्तरेला. मध्ये पोर्ट लुईची कोंडी लागली तर या प्रवासाला दीड तास सहज लागतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना, विशेषतः शाकाहारी कुटुंबांना, उत्तरेचा ग्रँड बे किंवा पेरेबेर सोयीचा. दुकानं, खानावळी, बस सगळं जवळ, पण गजबजही तितकीच. पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक मला जास्त आवडतो. लांबच लांब किनारा, सुरूची बनं, सूर्यास्त, आणि दक्षिणेकडच्या डोंगरांना जायला सोपा. पूर्वेला मोठी महागडी हॉटेलं आहेत. निवांतपणा हवा आणि खर्चाची चिंता नसेल तर तिकडे जावं. आग्नेयेला माएबूर आणि ब्लू बे. इथे पर्यटकांपेक्षा गावकरी जास्त दिसतात.

आठ दिवस असतील तर चार रात्री पश्चिमेला किंवा उत्तरेला आणि शेवटच्या दोन-तीन रात्री माएबूरजवळ, अशी विभागणी करा. म्हणजे रोज तेच रस्ते तुडवावे लागत नाहीत आणि परतीच्या विमानाची धाकधूकही राहत नाही. हॉटेलात सगळ्या जेवणांचे पैसे आधीच भरून ठेवलेत तर तुम्ही बाहेर खाणार नाही. म्हणून फक्त नाश्त्यासह खोली घ्या.

फिरायचं कसं

बससेवा बेटभर आहे, स्वस्त आहे, आणि बसमध्ये बसल्याशिवाय देश समजत नाही. तिकीट कंडक्टर देतो. मात्र संध्याकाळनंतर बस विरळ होतात आणि गावांकडे तर लवकरच थांबतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच विचारून ठेवा. पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वामार्गे क्युरपीपपर्यंत मेट्रो धावते. ती भारताच्या आर्थिक मदतीतून उभी राहिली आणि बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोनं. पठारावरची शहरं पाहायची असतील तर कोंडीत अडकण्यापेक्षा मेट्रोनं जा.

टॅक्सीत मीटरवर विसंबू नका. बसण्याआधी पूर्ण भाडं ठरवा, थांबायचे पैसे त्यात धरलेत का तेही विचारा. दिवसभरासाठी टॅक्सी केलीत तर चालक आपल्या ओळखीच्या दुकानांत नेऊ पाहतो. 'दुकानं नकोत' असं सकाळीच सांगितलंत तर कुणाला वाईट वाटत नाही. गाडी भाड्यानं घेणं सोपं, कारण वाहतूक डावीकडूनच आहे. आपला परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा. दक्षिणेचे रस्ते अरुंद, उसाच्या भिंतींमधून जाणारे, आणि रात्री अंधारे असतात. अंधार पडायच्या आत परता.

एक पूर्ण दिवस पोर्ट लुईला द्या

रविवार सोडून जा. रविवारी शहर बंद असतं.

सकाळी पहिल्यांदा आप्रवासी घाट. बंदराशेजारची ही दगडी वास्तू लहान आहे आणि घाईत पाहिली तर दहा मिनिटांत संपते. तिथे तास तरी काढा. ब्रिटिशांनी गुलामगिरी संपवली तेव्हा उसाच्या मळ्यांवर मजूर लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून भारतीय करारबद्ध मजूर इथे उतरले आणि पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं याच बंदरातून आत गेली. कलकत्त्याहून आली तशी मद्रासहून आणि मुंबईहूनही आली. मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून आत जात, त्या अजून आहेत. नोंदणी व्हायची, प्रत्येकाला क्रमांक मिळायचा, दोन दिवसांनी मळ्याकडे रवानगी. २००६ साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा ठरवलं. मजुरांच्या नोंदी आणि छायाचित्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. मॉरिशसचे लोक आजही तिथे जाऊन आपल्या पणजोबांचं गाव शोधतात.

तिथून मुख्य बाजार चालत जाण्याजोगा. भाजीचा भाग आधी पाहा, पर्यटकांच्या वस्तूंचा नंतर. मग जुम्मा मशीद, चायनाटाउन, आणि निसर्गविज्ञान संग्रहालयातला डोडोचा सांगाडा. हा न उडणारा पक्षी जगात फक्त याच बेटावर होता. डच आले १५९८ मध्ये, आणि त्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं, माकडं अंड्यांवर तुटून पडली. सतराव्या शतकाअखेर डोडो संपला होता. टपाल तिकिटांचा छंद असेल तर बंदराजवळच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची प्रसिद्ध दोन तिकिटं आहेत. अस्सल तिकिटांवर दर तासाला थोडीच मिनिटं दिवा लागतो, इतर वेळी प्रती पाहाव्या लागतात. वेळ विचारूनच आत जा.

खायचं काय

दुपारचं जेवण हॉटेलात नको, गाडीवर घ्या. डाळपुरी हा या देशाचा सर्वांत आवडता पदार्थ. पिवळी डाळ शिजवून, वाटून, पातळ पुरीत भरलेली असते. दोन पुऱ्या एकत्र, आत मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि हवी तर मिरची. ही मिरची आपल्याकडचा ठेचा खाणाऱ्यालाही घाम फोडते, तेव्हा आधी थोडीच मागा. डाळपुरी शाकाहारी असते आणि पोट भरतं. दुसरी फराता, म्हणजे आपला पराठा. तिसरे गातो पिमां, म्हणजे छोटे डाळवडे. सकाळी लोक ते पावात लोणी लावून खातात, तेव्हा गरम असतानाच घ्या. आलुदा हे सब्जा आणि अगरअगर घातलेलं थंड दूध बाजारात मिळतं. मिरची-मीठ आणि चिंच लावलेला छोटा अननस किनाऱ्यावर सोलून देतात, तो सोडू नका.

मांसाहारी असाल तर मासळीचं विंदाय, मोहरी-हळदीत मुरवलेलं, भाताबरोबर खा. ऑक्टोपसची आमटीही खाऊन पाहावी अशी. चिनी वस्तीमुळे परतलेल्या नूडल्स आणि उकडलेले बुलेत, म्हणजे छोटे गोळे, सगळीकडे मिळतात. शाकाहाऱ्यांनी 'सां लाव्यान, सां प्वासों' असं स्पष्ट सांगावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. अंडं नको असेल तर 'सां दिझेफ'.

बोलण्याचं म्हणाल तर घराघरातली भाषा क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली बोली, वर्तमानपत्रं फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. हिंदी पुष्कळांना समजते, भोजपुरी जुन्या माणसांना येते. पण भारतीय चेहरा दिसला म्हणून लगेच हिंदीत सुरुवात करू नका. समोरचा माणूस तमिळ, तेलुगू, मराठी किंवा मुसलमान घरातला असू शकतो आणि त्याच्या घरात हिंदी कधीच नसेल. 'बोंझूर' म्हणा, मग इंग्रजीत बोला. बसमध्ये चढतानासुद्धा लोक बोंझूर म्हणतात. न म्हणता थेट किंमत विचारणं तिथे उद्धट वाटतं.

आपली माणसं

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातले, रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या मानानं थोडे आहेत, पण मराठी म्हणून वेगळे ओळखले जातात. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात, कास्कावेलला, पठारावर वाक्वाच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती आहे. फ्लिक-आं-फ्लाकला उतरलात तर कास्कावेल अगदी जवळ. घरात बहुतेक जण क्रेओल बोलतात. मराठी उरली आहे ती पूजेत, आरतीत, गाण्यांत आणि शाळेत. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना मराठी विषय घेता येतो, आणि महात्मा गांधी संस्थेत त्यापुढचं शिक्षण मिळतं. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन गावोगावच्या मंडळांना एकत्र बांधते. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. बेटावर मराठी माणसं एवढी थोडी असूनही सारा देश त्या दिवशी थांबतो, याचं मला फार मोल वाटतं. तारीख मात्र नीट पाहा. गेल्या काही वर्षांत ही सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली आहे, २०२४ मध्ये ८ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २८ ऑगस्टला. त्याच दिवशी गणपती डोक्यावर किंवा सजवलेल्या मखरात घेऊन नदीकडे, समुद्राकडे मिरवणुका निघतात. ढोलकी-झांजांच्या ठेक्यावर फेर धरून झाकरी नाचतात. रत्नागिरीकडच्या वाचकांना आपलं जाखडी लगेच ओळखू येईल. शब्दांचे उच्चार बदललेत, पण ठेका तोच आहे. गणपतीच्या दिवसांत जाणं जमत असेल तर जाच. ऑगस्ट-सप्टेंबर असल्यामुळे मुक्काम पश्चिमेला ठेवा.

देवळात गेलात तर चपला बाहेर, फोटो विचारून, आणि 'तुमची मराठी आमच्यासारखी नाही' असली शेरेबाजी नको. ज्यांच्या पणजोबांना पत्र पाठवायचीही सोय नव्हती, त्यांनी दीडशे वर्षं हे टिकवलं आहे. आपण ऐकायला जावं. ओळख झाली की गावाचं नाव विचारतात. आपल्या गावाचा जिल्हा आणि जवळची नदी सांगता आली तर गप्पा रंगतात.

समुद्रात उतरण्याआधी

बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी उथळ, शांत, फिकट निळं. बाहेर खोल, गडद महासागर. आतल्या पाण्यात पोहणं सुरक्षित, पण भिंतीला जिथे खिंड असते तिथून पाणी जोरात बाहेर ओढतं. अशा जागी चांगला पोहणारासुद्धा वाहून जाऊ शकतो. स्थानिकांना विचारा आणि दोरीनं आखलेल्या हद्दीतच पोहा. दक्षिणेला ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात. ती जागा लांबूनच पाहायची, पाण्यात पाय घालायचा नाही.

पाण्यात रबरी बूट घाला. काटेरी समुद्री अर्चिन सर्रास असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही आढळतो. त्याचा काटा लागला तर लगेच सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि रुग्णवाहिकेसाठी ११४ वर फोन करा. पोलिसांसाठी ११२ किंवा ९९९.

प्रवाळावर उभं राहू नका, तुकडा तोडू नका, शंख-शिंपले गोळा करू नका. २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि काही दिवसांनी त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा हजारो मॉरिशियन कामधंदे सोडून किनाऱ्यावर आले. उसाचा पाला कापडात भरून त्यांनी तेल अडवणारे लांबलचक पट्टे शिवले. केस कापून दिले, तेल शोषून घ्यायला. या पाण्यावर त्यांचं असं प्रेम आहे. पाहुण्यानं निदान त्याला इजा करू नये. डॉल्फिन पाहायला तामारँच्या खाडीत सकाळी बोटी जातात. अनेक बोटी त्यांना चारही बाजूंनी घेरतात आणि माणसं त्यांच्या अंगावर उड्या मारतात. अंतर राखणारी बोट मिळाली तरच जा.

किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलसमोरच्या वाळूवर चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, खुर्च्या तेवढ्या हॉटेलच्या. रविवारी दुपारी फ्लिक-आं-फ्लाक किंवा मों श्वाझीच्या सुरूच्या बनात जा. कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली असतात, आणि कुठेतरी रावान नावाचा बकरीच्या कातड्याचा डफ विस्तवावर शेकून सेगा सुरू होतो. सेगा ही गुलामांनी घडवलेली गाणी आणि नाच. युनेस्कोच्या यादीत २०१४ साली गेली. हॉटेलच्या रंगमंचावर चकचकीत कपड्यांत दाखवतात त्यापेक्षा इथला सेगा ऐका.

डोंगर, तळं आणि पक्षी

एक दिवस नैऋत्येला द्या. ल मोर्न हा ५५६ मीटरचा कडा मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचा आश्रय होता. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, पुन्हा पकडायला आले असं वाटून अनेकांनी वरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगितलं जातं. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस म्हणून पाळला जातो. वर चढायचं असेल तर पहाटे निघा. शेवटचा टप्पा उभ्या खडकाचा आहे, लहान मुलांना त्याआधीच थांबवा. पाऊस पडून गेला असेल तर बेत रद्द करा. तिथून शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती जवळ. माती पाहायला पंधरा मिनिटं पुरतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात मात्र वेळ कमी पडतो.

पुढे पठारावर गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे पाणी हिंदूंचं सर्वांत मोठं तीर्थ आहे, आणि ३३ मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती लांबून दिसते. महाशिवरात्रीला देशभरातून लाखो माणसं पायी येतात. वाटेत सगळ्या धर्मांचे लोक त्यांना पाणी आणि खाणं देतात. त्या दिवसांत गाडीनं तिकडे जाऊ नका, जायचं तर चालत जा.

माएबूरला मुक्काम असेल तेव्हा इल ओ ज़ेग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर जा. मूळ किनारी जंगल कसं होतं, ते इथे परत उभं करत आहेत. गुलाबी कबुतर दिसतं, महाकाय कासवं फिरत असतात. मॉरिशसचा केस्ट्रेल ससाणा १९७४ साली रानात अवघे चार उरले होते. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून ती जात वाचवली. डोडोच्या देशात हे झालं, म्हणून ही फेरी मी सगळ्यांना सुचवते. वाटाडे माहिती मनापासून देतात. जागा आधी राखून ठेवा.

रॉड्रिग्ज बेट विमानानं दीड तासावर आहे आणि २००२ पासून त्याचा कारभार स्वायत्त आहे. ते शांत आणि वेगळं आहे, पण पहिल्या फेरीत आठच दिवस असतील तर त्याच्या मागे लागू नका.

तब्येतीचं थोडक्यात. मलेरिया नाही, विषारी साप नाहीत, पण डेंग्यू आहे, तेव्हा डासांचं मलम हवं. ऊन वाटतं त्यापेक्षा फार कडक असतं, ढगाळ दिवशीही कातडी भाजते. पाणी बाटलीतलं प्या.

परतीचा दिवस

शेवटची रात्र माएबूरला आणि तो दिवस सोमवार असेल असं जमवा, कारण सोमवारी तिथला मोठा बाजार भरतो. बुआ शेरीचा व्हॅनिला चहा, न शुभ्र केलेली साखर आणि भाज्यांचं आशार, म्हणजे मोहरीचं लोणचं, इथे विमानतळापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. गावाबाहेर १८७० पासून कसावाची बिस्किटं भाजणारा एक छोटा कारखाना आहे. उसाच्या पाल्याच्या विस्तवावर, हातानं. सकाळी गेलात तर भाजताना पाहता येतं आणि गरम बिस्किट चहाबरोबर मिळतं. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, हातातल्या सामानात ते अडवलं जातं. तिथून विमानतळ गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे. विमानाच्या तीन तास आधी निघा, आणि उरलेले रुपये तिथेच बदलून घ्या, मुंबईत ते सहज बदलून मिळत नाहीत.